भोईरकाकींचे विरजण

अक्षय तृतीयेच्या सकाळी कोपरच्या आमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. माझ्या ऑफिसातल्या सहा जणांनी वर्गणी काढून तीन हजार सहाशे रुपयांची दोन फुटी काचेची टाकी आणि तिच्यात सोडायला नऊ मासे आणले होते. आठ सोनेरी आणि एक काळा. असेच शुभ असते, असे दुकानदाराने त्यांना सांगितले होते. टाकी ईशान्येच्या कोपऱ्यात ठेवली, तेव्हा ऑफिसची मंडळी सोडून हॉलमध्ये मी, माझी बायको सुनीता, कल्याणहून आलेल्या माझ्या सासूबाई, ठाण्याहून आलेले आई आणि नाना, आणि गुरुजी इतके जण हजर होते. याशिवाय दारात एक बाई उभ्या होत्या. त्यांना कोणी बोलावले होते, ते आम्हाला आजवर कळलेले नाही.

जांभळी साडी, मनगटावर जाड पाटल्या, हातात शिऱ्याचा द्रोण. मासे सोडून झाले तशा त्या आत आल्या, द्रोण टीपॉयवर ठेवला, टाकीत एक बोट बुडवले, हुंगले आणि जिभेला लावले.

"पानी कवाचं?" त्यांनी विचारले.

"आत्ताच भरलं," मी म्हणालो.

"नलाचं?"

"हो. अगदी स्वच्छ आहे."

"मंग मासली कवा मरनार, तेवरंच इचारायचं ऱ्हायलं."

गुरुजींच्या हातातली पळी थांबली. सुनीताचा चेहरा उतरला. नव्या घरात, होमाची राख गरम असताना, कोणी मरणाचे नाव काढते का? माझी आई मात्र हसली. ठाण्याला टेंभी नाक्याच्या दोन खोल्यांत तिने एक सोनेरी मासा कित्येक वर्षे सांभाळला होता. ती मला हळूच म्हणाली, "त्या बाईंचं ऐक रे."

ऐकायला फारसा वेळ मिळाला नाही. आठवडा संपायच्या आत नऊही मासे गेले. काळा सर्वांत शेवटी. सासूबाईंनी समजूत काढली, "बरं झालं. घरावरचं संकट माशांवर गेलं." नेमक्या त्याच वेळी दारातल्या त्या बाई, म्हणजे भोईरकाकी, जिन्यातून वर येत होत्या. त्या कठड्याला धरून थांबल्या.

"कनचं संकट गो मावशी? त्या बिचाऱ्या मासलीवर संकट आलं ते तुमच्या पाहुनचाराचं."

आमची ओळख झाली ती अशी.

त्यांचे नाव ताराबाई भोईर. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या घराण्याची. पूर्वी तिथे भात होई, आणि त्यापलीकडे खाडीच्या बाजूला त्यांच्या वडिलांचे मिठागर होते. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात त्यांना चार फ्लॅट दिले. तीन भाड्याने होते आणि तळमजल्यावरच्या चौथ्यात त्या धाकट्या मुलाबरोबर राहत. सकाळी फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत. दूधवाला, भाजीवाला, शाळेच्या बसवाला, कोणीही त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय आत जाऊ शकत नसे. मी हिशोबखात्यात नोकरीला आहे हे कळल्यापासून त्या मला 'हिशोबनीस' म्हणत. माझे खरे नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होते की नाही, याची मला खात्री नाही.

इतरांच्या घरात जिथे टीव्ही असतो, तिथे काकींची सहा फुटी टाकी होती. टीव्ही आतल्या खोलीत, कपाटाच्या वर, बहुधा बंद. टाकीत जुने मासे होते. ताटलीएवढे एंजल, करडे गोरामी, तळाशी मिशा हलवत फिरणारे काही. कोणाला त्यांनी नावे ठेवलेली नव्हती. मासा हा मासा, असा त्यांचा रोकडा विचार. त्याच वेळी स्वयंपाकघरातून तव्यावरच्या सुरमईचा वास येत असे. एकदा मी हसत म्हणालो, "काकी, यांना वास येत असेल हो."

"बगायची येगली, खायाची येगली," त्या म्हणाल्या. "तू गाय पुजतंस न् दूध पितंसच ना? मना कनाला शिकवतंस?"

मासे पाळणे त्या कोणाकडून शिकल्या नव्हत्या. पहिली टाकी मुलाच्या हट्टापायी आली, मासे मेले, आणि त्या चिडून पाण्याकडे बघत बसल्या. पाण्याकडे बघत बसण्याची सवय मात्र त्यांना लहानपणापासून होती. मिठागरात भरतीचे पाणी एका खाचरात घ्यायचे, उन्हात राहू द्यायचे, मग पुढच्या खाचरात सोडायचे, पुन्हा वाट बघायची. मीठ धरण्याजोगे पाणी झाले की नाही, हे त्यांचे वडील बोट चाटून सांगत. "पानी पिकाया लागतं," असे काकी म्हणत. मिठाच्या पाण्याबद्दल म्हणत, तेच त्या टाकीच्या पाण्याबद्दलही म्हणत. नळाच्या पाण्यात कधी औषधाचा मारा जास्त असला, तर त्यांच्या जिभेला तो समजे. अशा दिवशी त्या फाटकातून ओरडून सांगत, "आज टाकीत पानी घालू नका रं कोनी!" इमारतीत टाकी फक्त त्यांच्याकडेच होती, तेव्हाही ओरडत.

डोंबिवली स्टेशनजवळच्या एका माशांच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर एकदा गेलो होतो. गिऱ्हाइके काचेतले रंग बघत होती. काकी आधी खाली वाकल्या आणि काउंटरखालची बादली बघून घेतली, जिच्यात दुकानदार मेलेले मासे टाकतो.

"आज बरंच गेलं रं."

"काकी, धंद्याच्या टायमाला काय हे!" दुकानदार गिऱ्हाइकांकडे बघत कुजबुजला.

"यो माल कवा आला?"

"आज सकाळीच. एकदम फ्रेश."

"फ्रेश भाजी लागतंय. मासली नाय."

त्यांनी सहा लहान मासे निवडले, पूर्ण पैसे मोजून दिले आणि म्हणाल्या, "आता आठ दिस तुज्याकडंच ऱ्हाऊं दे. जगल्या त्या माज्या, मेल्या त्या तुज्या."

"असं कोण करतं, काकी?"

"मी करतंय. लांबनं आल्यात, गारीतनं उतरल्या उतरल्या परत गारीत बसवशील? दम खाऊं दे त्यास्नी."

मग त्यांनी अंबाड्यातली लाल पिन काढून त्या खणाच्या झाकणाला अडकवली. ही त्यांची खूण. आठ दिवसांनी मी मुद्दाम सोबत गेलो. पिन जागच्या जागी होती आणि मासे पाच होते. दुकानदाराने तक्रार न करता सहावा दुसऱ्या खणातून काढायला घेतला, तर काकींनी हात धरला. "नको. त्याचं आठ दिस परत मोजाया लागतील." पाचच घेऊन आल्या.

त्या कधी चुकत नसत असे मी म्हणणार नाही. काही काळ त्यांच्या टाकीतले मासे एकेक करून नाहीसे होत होते. काकींनी दुसऱ्या मजल्यावरच्या मांजराला चोर ठरवले आणि इतके दिवस त्याला शिव्या दिल्या, की ते मांजर तळमजल्याचा जिनाच सोडून कठड्यावरून ये-जा करू लागले. दिवाळीच्या सफाईत टाकीमागचे कपाट सरकवले, तर मागे चार मासे वाळून पडलेले. टाकीला झाकण नव्हते. ते स्वतःच उड्या मारून बाहेर पडले होते. त्या दिवशी काकी पापलेटचे डोके ताटलीत घेऊन दोन मजले चढल्या, मांजरापुढे ठेवले आणि मालकिणीला म्हणाल्या, "चुकलं ते चुकलं. त्याला सांग." दुसऱ्या दिवशी टाकीला झाकण आले. हा किस्सा त्या स्वतःच सगळ्यांना सांगत, आणि सांगताना मांजराची बाजू घेत.

आमच्याकडची ती दोन फुटी टाकी मी माळ्यावर टाकली होती आणि विषय संपवला होता. पण काही वर्षांनी माझी आई गेली. नाना टेंभी नाक्याला एकटे उरले. वय अठ्ठ्याहत्तर, हाताला कंप, एकदा न्हाणीघरात घसरून पडलेले. जिने चढताना शेजारचे आधार देत, पण रोज कोण देणार? कोपरला या म्हणून आम्ही त्यांच्या मागे लागलो. नाना कारखान्याच्या कचेरीत आयुष्यभर आवक-जावक बघितलेला माणूस, बोलणे मोजके.

"गोविंदा आला तर येतो," ते म्हणाले.

गोविंदा म्हणजे आईचा मासा. दहीहंडीच्या दिवशी नाक्यावरच्या गर्दीत तिने तो पिशवीत घेतला होता, म्हणून गोविंदा. आता तो तळहाताहून मोठा झाला होता. आई खाण्याचा स्टीलचा डबा टिचकी मारून वाजवी, तसा तो काचेशी येई. ती गेल्यावर नाना डबा वाजवत.

"आणू की त्याला," मी म्हणालो.

नानांनी चष्मा काढून पुसला. "आणाल. पण तुमच्याकडे मासे जगत नाहीत. मी पाहिलंय. तो मेला, तर मी परत इथे येईन. मग मला कोणी आग्रह करायचा नाही."

त्यांचा तो स्वर मला ठाऊक होता. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. नानांनी आमच्याकडे राहावे की ठाण्याच्या त्या घसरड्या न्हाणीघरात परत जावे, हे आता एका माशाने ठरवायचे होते. मी घरी न जाता आधी तळमजल्यावर गेलो.

काकींनी सगळे ऐकून घेतले. "बाप पन नवीन, मासली पन नवीन," त्या म्हणाल्या. "रविवारी आनतंस? येडा का काय? महिना लागंल."

तीन फुटी टाकी आली. पाणी भरले, फिल्टर सुरू केला. मग काकींनी आपल्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंज बाहेर काढला. काळाकुट्ट, चिकट, वासाला ओल्या मातीसारखा. स्वयंपाकघरातल्या कात्रीने त्याचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या हातावर ठेवला. माशाची घाण पाण्यात विरघळते आणि ती त्यालाच विष होते, हे त्यांनी मला समजावून सांगितले. त्या काळ्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते ही घाण खातात. नव्या टाकीत ते नसतात, म्हणून नवे मासे मरतात. "तुज्या त्या नऊ मासल्या त्यांच्याच घानीनं मेल्या," त्या म्हणाल्या. "संकट नाय न् बिंकट नाय."

मी किती द्यायचे विचारले, तर म्हणाल्या, "ठेव तुजं पाकीट."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वर्तमानपत्राच्या पुडीत एक कोळंबी घेऊन आमच्याकडे आल्या. टाकीत मासा नाही, तर घाण नाही. घाण नाही, तर स्पंजातले जीव उपाशी. म्हणून फडक्याच्या पुरचुंडीत बांधलेली कोळंबी पाण्यात सोडायची, कुजू द्यायची. आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही.

"माझ्या हॉलमध्ये कोळंबी?" सुनीता म्हणाली.

"एकच हाय गो."

"एक काय नि शंभर काय, काकी!"

"मंग शंभर आनते. एक टाकीत घालू, बाकीच्या मी तलून खाते."

सुनीताला हसू आवरेना आणि तिथेच ती हरली. फक्त चतुर्थीला टाकीवर चादर टाकायची, एवढी एक अट तिने घातली. चतुर्थीला चादर टाकली गेली.

महिना होत आला. काकी दर दोन दिवसांनी येऊन पाणी हुंगत. मी बाजारातून पाणी तपासायची औषधे आणली होती. बाटलीत थेंब टाकले की रंग बदलतो. त्याला त्या 'तुजी रंगपंचमी' म्हणत, पण रंग काय आला ते विचारत जरूर. शेवटी एकदा माझा रंग आणि त्यांचे नाक यांचे एकमत झाले. नानांना रविवार कळवला. नानांनी बॅग भरली, कपाटाला कुलूप लावले, शेजाऱ्यांना सांगितले.

शुक्रवारी मी ऑफिसातून आलो, तर टाकी आरशासारखी चकचकीत होती. तळ दिसत होता, काचेवर एक डाग नव्हता. मदतीला आलेल्या सासूबाई पदराला हात पुसत समाधानाने उभ्या होत्या. कोळंबीची पुरचुंडी कचऱ्यात गेली होती. आणि तो काळा स्पंज त्यांनी उकळत्या पाण्याने धुऊन, पिळून, गॅलरीत वाळत घातला होता. तो आता पिवळा होता. विकत आणल्यासारखा.

मी काकींना वर बोलावले. त्यांनी पाण्यात बोट बुडवले नाही. गॅलरीत बघितले आणि विचारले, "कोनी धुतलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "व्याही यायचे, तर घर स्वच्छ नको? काय घाणेरडा झाला होता तो! सुनीताचं लक्षच नाही."

मला वाटले, आता स्फोट होणार. काकी खुर्ची ओढून सासूबाईंसमोर बसल्या.

"मावशी, तुमच्याकडं दही लावता ना?"

"लावते की. माझ्या सासूबाईंपासूनचं विरजण आहे. इथे येतानाही डबीत घेऊन आलेय."

"त्या डबीत तलाला दही ऱ्हायलंय ते खरवडून, गरम पान्यानं घासून, उन्हात वालवलं कोनी, तर?"

सासूबाई काही बोलायच्या आधी त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटले. त्या गॅलरीतल्या स्पंजाकडे बघत राहिल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "ते विरजण होतं होय?"

त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला विरजणच म्हणतात.

काकींकडे आता स्वतःच्या टाकीतला उरलेला अर्धा स्पंज होता. तो त्यांनी अख्खा आणून दिला. "माजी मासली जुनी हाय," त्या म्हणाल्या. "मी रोज पानी बदलीन, ती तग धरंल." आम्ही नको नको म्हणत होतो, पण त्या जिन्यापर्यंत पोचल्याही होत्या. पुढचे बरेच दिवस त्या सकाळी खुर्चीवर दिसल्या नाहीत; बादल्यांनी पाणी काढत असत.

नानांना मात्र नवी तारीख कळवायची होती. फोनवर ते फक्त एवढेच म्हणाले, "मेला काय तुमच्याकडे कोणी?" आणि मी अडखळलो, तर म्हणाले, "राहू दे. मी बॅग सोडतो."

काकी म्हणाल्या, "चल, मी येतंय."

टेंभी नाक्याच्या त्या खोलीत त्या पहिल्यांदाच शिरल्या. नाना आरामखुर्चीत होते. "आपण कोण?" त्यांनी विचारले. काकी उत्तर न देता आधी टाकीकडे गेल्या. आईच्या टाकीत रेती नाही, फिल्टर नाही, फक्त बुडबुड्यांची नळी. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावले आणि वळल्या.

"पानी कोन बगतंय?"

"मी. आधी ही बघायची. रोज सकाळी दोन तांबे काढायची, दोन तांबे शिळं पाणी घालायची. मी तेच करतो."

"रोज?"

"रोज."

"म्हनून जगली," काकी म्हणाल्या. "सगलं पानी बदलनारं मी ढीगभर बगलंय. दोन तांबं रोज घालनारं कोनी नाय बगितलं."

नाना त्यांच्याकडे निरखून बघत होते. "तुम्ही वास्तुशांतीला होतात. मासे कधी मरणार, असं विचारलंत."

"हो. न् मेल्या पन."

"घरी जाताना ही मला सारखी सांगत होती, त्या बाई बरोबर बोलल्या म्हणून." नानांनी टाकीकडे बघितले. "आता काय म्हणणं आहे तुमचं? जगेल?"

"तुमच्या विहीनबाईंनी माजी तयारी उकलून काडली, म्हनून दहा-बारा दिस जास्ती लागतील. तवर हिकरंच ऱ्हावा. आल्यावर दोन तांबं तुमीच घालायचं. ते काम मी हिशोबनीसाला देनार नाय."

नानांनी मान हलवली. बॅग सोडली नव्हती, हे मला निघताना दिसले. ती दाराशी तशीच भरलेली होती.

गोविंदाला आणायच्या आदल्या दिवसापासून काकींनी त्याचे खाणे बंद ठेवायला लावले. प्रवासाला पोट रिकामे बरे. आणताना पिशवी नाही, झाकणाची बादली; आत त्याचेच पाणी, बाहेरून घोंगडी. गाडीत नाना पुढे, मागे काकी, बादली त्यांच्या दोन पायांत. मी गाडी चालवत होतो आणि ठाण्यापासून कोपरपर्यंत काकी माझ्या पाठीशी बोलत होत्या. "हलू रं. खड्डा हाय. तुजी गारी हाय का बैलगारी? बैल बरा चालतो." नाना एकदाही मागे वळले नाहीत, पण वरचा आरसा त्यांनी हाताने असा फिरवून घेतला होता, की त्यात मला मागचा रस्ता दिसेना आणि त्यांना बादली दिसे.

घरी आल्यावर बादली टाकीखाली ठेवली. काकींनी कमरेच्या पिशवीतून सलाईनची नळी काढली. भोईरकाकांच्या शेवटच्या आजारातली. "धुऊन ठेवलेली हाय," त्या म्हणाल्या. टाकीतले पाणी त्या नळीने थेंब थेंब बादलीत पडू लागले. ठाण्याच्या पाण्यात कोपरचे पाणी इतके सावकाश मिसळायचे, की माशाला आपण घर बदलतोय हे कळू नये. यात तासभर गेला. सुनीताने नानांसाठी पोहे आणले.

"त्यास्नी नको गो आता," काकी म्हणाल्या. "ते पन नवीनच हाईत. आज जरा कमी द्या खायाला."

नाना हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना पाहिले नव्हते.

काकींनी दोघांनाही एकच नियम लावला. हॉलमधला दिवा बंद. शेजाऱ्यांना आज भेटायला बंदी. कोणी सारखे समोर जाऊन 'कसं वाटतंय' विचारायचे नाही. ना माशाला, ना नानांना. गोविंदाला ओंजळीने टाकीत सोडले आणि आम्ही सगळे अंधाऱ्या हॉलमधून उठून आत जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी तो तळाशी कोपऱ्यात पडून होता. कल्ले हलत होते, एवढेच. नानांनी दोन तांबे काढले, दोन घातले, डबा वाजवला. तो हलला नाही. नानांनी बॅग उघडली नव्हती. एक धोतर आणि दाढीचे सामान तेवढे बाहेर होते. सासूबाई विरजणाच्या बाजूला पहारा देत असल्यासारख्या बसल्या होत्या आणि फिल्टरजवळ कोणाला फिरकू देत नव्हत्या. मी तळमजल्यावर गेलो.

"खात नाय ना? नको खाऊं दे," काकी म्हणाल्या. "तू सासुरवाडीत पयल्या दिवशी किती जेवलास? मी वर येनार नाय. मी आले तर तुजा बाप घाबरंल."

त्यानंतरच्या दिवशीही तसेच. रंगपंचमीचे थेंब मी तीनदा टाकले. पाणी चांगले होते. त्या पुढच्या सकाळी मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होतो. हॉलमधून स्टीलच्या डब्यावरच्या टिचकीचा आवाज आला. मग पुन्हा आला. मग नाना म्हणाले, "सुनीता, इकडे ये. एकटीच ये."

सुनीता गेली, तिच्यामागे सासूबाई गेल्या, मी दाराआड उभा राहिलो. गोविंदा काचेला तोंड लावून उभा होता, नेमका डब्यासमोर.

संध्याकाळी मी घरी आलो, तर नानांची बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली होती, त्या जुन्या दोन फुटी टाकीशेजारी. सुनीता तळमजल्यावर सांगायला गेली होती. परत आली, तेव्हा म्हणाली, "काकींना आधीच माहीत होतं. नानाच जाऊन सांगून आले. आधाराशिवाय जिना उतरले."

त्याला आता तीन वर्षे झाली. गोविंदा आहे. नाना आहेत. दोन तांबे रोज सकाळी चालू आहेत.

गेल्या महिन्यात भोईरकाकींनी कोपर सोडले. मुलाने आंबिवलीला बंगला बांधला. टाकी, मासे, खुर्ची, सगळे टेंपोत गेले. फाटक सुने झाले आणि दूधवाला पटापट येऊन जाऊ लागला. मग मागच्या रविवारी सकाळी जिन्यात पाटल्यांचा आवाज आला.

काकी धापा टाकत खुर्चीवर बसल्या. पाणी प्यायल्या. मग कल्याणहून आमच्याकडे आलेल्या सासूबाईंकडे बघून म्हणाल्या, "मावशी, माज्या सुनेनं धुतलं."

"काय?"

"नवीन घर, म्हनून टाकीचा फिल्टर काडून चकाचक. गरम पान्यानं. मी वास्तूच्या जेवनाकडं बगत व्हते." त्या इतक्या हसल्या की खोकला आला. "मासली टबात ठेवलीय. रोज पानी उपसतंय, पन कंबर आता ऐकत नाय. मना विरजन पायजे."

नाना उठले आणि त्यांनी स्वतः फिल्टर बंद केला. सुनीताने स्वयंपाकघरातली कात्री आणली. स्पंज काळाकुट्ट होता. सुनीताने तो कापला, टाकीच्याच पाण्याने भरलेल्या डब्यात त्यातला मोठा तुकडा ठेवला आणि झाकण लावले. काकींनी उठून गोविंदाच्या पाण्यात बोट बुडवले, जिभेला लावले आणि मान डोलावली. मग कमरेची पिशवी उघडून माझ्याकडे बघितले.

"किती जालं रं हिशोबनीस?"

मी बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "विरजणाचे पैसे घेत नसतात, ताराबाई. ठेवा ते आत."

मी डबा धरून खाली गेलो. इमारतीबाहेर रिक्षा थांबवली. आंबिवलीचे तीनशे वीस ठरले. काकी आत बसल्या, डबा मांडीवर घेतला, वरून पदर पांघरला, जसे कोणी निजलेल्या मुलाला घेऊन बसावे. रिक्षावाल्याने वळून विचारले, "मावशी, काय आहे? सांडेल का?"

"हलू चालव. जितं हाय."

रिक्षा फाटकासमोरून वळली. पहिल्याच गतिरोधकावर आतून काकींचा आवाज आला, "अरं बैल बरा!" आणि रिक्षा बैलाच्या चालीने पुढे गेली. निघण्याआधीच मी रिक्षावाल्याच्या हातावर साडेतीनशे रुपये ठेवले होते. तीनशे वीस भाड्याचे आणि तीस हळू चालवण्याचे. इतक्या वर्षांत काकींनी मला पैसे देऊ दिले, ते एवढेच.